मेलचा मेळ

एका संध्याकाळी माझ्या एका फोल्डरमधले ३,१४२ मेल बघता बघता ६,३३० झाले. बाहेरून नवा मेल एकही आला नव्हता. लॅपटॉपवर ६,३३० आणि सर्व्हरवरही ६,३३०, म्हणजे निदान दोन्हीकडचा हिशेब तरी जुळत होता! असं म्हणून हसायला मला पुढचे दोन दिवस लागले.

इंटरनेट नसतानाही जुने मेल शोधता यावेत म्हणून मी माझं सगळं खातं लॅपटॉपवर उतरवून घेतलं होतं. त्यासाठी एमबीसिंक हे साधन वापरते. सर्व्हरशी आयमॅपवरून (सर्व्हरवरचे मेल हाताळायची ठरलेली भाषा) बोलायचं, मेल लॅपटॉपवर मेलडिर पद्धतीने ठेवायचे आणि दोन्हीकडे झालेले बदल एकमेकांना कळवायचे, एवढंच त्याचं काम. मेलडिर ही डॅनियल बर्नस्टाइन यांनी आपल्या क्यूमेल या मेलसर्व्हरसाठी काढलेली रचना. एका फोल्डरमध्ये टेम्प, न्यू आणि कर असे तीन कप्पे असतात आणि एक मेल म्हणजे एक फाइल. त्याआधीच्या एमबॉक्स पद्धतीत सगळे मेल एकाच लांबलचक फाइलीत एकामागे एक चिकटवलेले असत. मेलडिरमध्ये तसं काही नाही. मेल वाचला का, उत्तर दिलं का, तारांकित केला का, हेसुद्धा फाइलीच्या नावाच्या शेपटीत एकेका अक्षराने लिहिलेलं असतं.

मला हे इतकं आवडलं की मी त्यातून एक सोयीचा निष्कर्ष काढला. मेल म्हणजे फाइल, तर मेल हलवायचा म्हणजे फाइल हलवायची. इनबॉक्समधले ४६ जुने मेल शोधून काढले, त्यांच्या फाइलनावांची यादी केली आणि एमव्ही या साध्या आज्ञेने सगळे 'जुने' नावाच्या फोल्डरात नेऊन टाकले. मग नेहमीसारखं सिंक चालवलं. 'जुने' फोल्डरपाशी येऊन एमबीसिंक थांबलं. तक्रार एका ओळीची होती: ड्युप्लिकेट यूआयडी, आणि पुढे एक आकडा.

आता यूआयडी हे काय प्रकरण आहे ते मला ऐकून माहीत होतं, पण ते सर्व्हरवर असतं अशी माझी समजूत. आयमॅपमध्ये मेलला दोन तऱ्हेचे क्रमांक असतात. एक नुसता रांगेतला नंबर. मधला एखादा मेल कायमचा काढला की मागचे सगळे एकेक पाऊल पुढे सरकतात, त्यामुळे ओळख म्हणून तो बिनकामाचा. दुसरा यूआयडी. तो ३२ बिटांचा असतो, फोल्डरमध्ये नव्याने येणाऱ्या प्रत्येक मेलला आधीच्यापेक्षा मोठा मिळतो आणि एकदा दिलेला क्रमांक मेल गेला तरी दुसऱ्या कुणाला मिळत नाही. २००३ सालच्या आरएफसी ३५०१ मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम नोंदवणारे क्रमांकित दस्तऐवज) हे नियम नीट लिहिलेले आहेत. माझ्या नजरेतून एकच गोष्ट सुटली होती: हा क्रमांक त्या फोल्डरपुरताच असतो. इनबॉक्सचा ४१७ वेगळा, 'जुने'चा ४१७ वेगळा.

एरर माझ्या लॅपटॉपवरच्या फोल्डरबद्दल होती, म्हणून तिथल्या फाइलींची नावं पहिल्यांदाच डोळे उघडून वाचली. सुरुवातीला सेकंदांत मोजलेली वेळ, मग प्रोसेसचा क्रमांक, मग मशीनचं नाव, मग स्वल्पविराम आणि 'यू=४१७', मग अपूर्णविराम, २, स्वल्पविराम आणि फ्लॅगांची, म्हणजे वाचला, उत्तर दिलं अशा खुणांची, अक्षरं (अर्थात सगळं रोमन लिपीत). ते 'यू=' म्हणजे एमबीसिंकने मारलेला शिक्का. मेलडिरला स्वतःचे यूआयडी नसतात, म्हणून एमबीसिंक आपले देतं आणि नावातच कोरून ठेवतं. शेपटीतली अक्षरं फ्लॅगांप्रमाणे बदलत राहतात, पण अपूर्णविरामाच्या आधीचा भाग कुणी हात लावेपर्यंत तसाच राहतो. आजवर सर्वांत मोठा कुठला क्रमांक दिला ते त्याच फोल्डरमधल्या एका छोट्या लपलेल्या फाइलीत असतं.

मी इनबॉक्समधून उचलून आणलेल्या ४६ फाइलींच्या अंगावर इनबॉक्सचे शिक्के तसेच होते. नव्या वर्गात जुन्याच वर्गाचा हजेरी क्रमांक सांगणारी मुलं यावीत, तसं. काहींचे क्रमांक 'जुने'मध्ये आधीपासून बसलेल्यांशी भिडले आणि साधन अडलं. एरवी मेल वाचायच्या प्रोग्राममधून हलवलं असतं तरी हेच होऊ शकलं असतं. म्यू-फोर-ई या अशाच एका प्रोग्राममध्ये हलवताना फाइलीला नवं नाव देण्याची वेगळी सेटिंग आहे, ती याचसाठी.

पण हे सगळं शहाणपण नंतरचं. त्या संध्याकाळी मी क्रम उलटा केला. नावं वाचण्याआधीच मला फोल्डरमध्ये आणखी एक लपलेली फाइल दिसली होती, एमबीसिंकस्टेट नावाची. बिघडलेली स्टेट पुसायची आणि पुन्हा सुरू करायचं, या सवयीने मी ती उडवून टाकली. एरर तशीच राहिली. मग नावं वाचली, शिक्क्यांचा उलगडा झाला, यादीवरून ४६ फाइलींच्या नावांतून 'यू=' चा तुकडा कापला. हा उपाय बरोबरच होता. शिक्का नसलेली फाइल दिसली की एमबीसिंक तिला नवा क्रमांक देतं. पुन्हा सिंक चालवलं आणि या वेळी ते अडलं नाही. स्टेट फाइल मघाशी उडवली आहे, हे तोवर माझ्या डोक्यातून साफ गेलं होतं.

४६ मेल वर जायला फार तर एक मिनिट लागायला हवं होतं. पडद्यावरचा वर गेलेल्यांचा आकडा शंभर झाला, पाचशे झाला. खाली आलेल्यांचा आकडाही वाढू लागला, जिथे तो शून्य असायला हवा होता. कंट्रोल-सी दाबून ते मध्येच तोडलं तेव्हा दोन्ही आकडे हजारच्या पुढे होते.

आधी सगळ्या मेलडिरची जशीच्या तशी एक प्रत बाजूला काढली. इतक्या गोंधळात सुचलेली ती एकच चांगली गोष्ट. मग दुसऱ्या एका फोल्डरची शाबूत स्टेट फाइल उघडून बसले. वाटलं होतं, आत काहीतरी अगम्य असेल. पण ती साधी मजकुराची फाइल निघाली. वर चार-पाच ओळी माहितीच्या आणि खाली एकेका मेलसाठी एकेक ओळ: सर्व्हरवरचा यूआयडी, लॅपटॉपवरचा यूआयडी, आणि शेवटच्या भेटीत दोघांचं ज्यावर एकमत झालं ते फ्लॅग. ना विषय, ना पाठवणाऱ्याचं नाव, ना मजकुराचा कुठला ठसा. हा मेल तोच आहे हे साधनाला मेल वाचून कळतच नाही. 'तिकडचा २८८१ म्हणजे इकडचा ३०१२' अशी जोडी वहीत लिहिलेली आहे म्हणून कळतं.

ही वही कशासाठी लागते हे मला हटवण्याच्या उदाहरणावरून पटलं. समजा, सर्व्हरवर एक मेल आहे आणि लॅपटॉपवर नाही. याचा अर्थ काय? तो नुकताच आला असेल आणि खाली आणायचा असेल. किंवा मी लॅपटॉपवर तो काढून टाकला असेल आणि आता सर्व्हरवरूनही काढायचा असेल. नुसतं दोन्हीकडे बघून हे ठरवताच येत नाही, कारण आत्ताचं चित्र दोन्ही बाबतींत हुबेहूब सारखं दिसतं. वहीत जोडी असेल तर मेल पूर्वी दोन्हीकडे होता, म्हणजे काढला गेला. जोडी नसेल तर नवा. फ्लॅगांचंही तसंच. लॅपटॉपवर मी मेल वाचला आणि फोनवरून त्याच मेलला उत्तर दिलं, तर मागच्या एकमताशी ताडून पाहिल्यावरच कळतं की दोन्हीकडे एकेक भर पडली आहे, आणि दोन्ही भरी टिकवायच्या आहेत.

वही फाडली म्हणजे सगळ्या जोड्या गेल्या. मग एमबीसिंकच्या दृष्टीने सर्व्हरवरचे ३,१४२ मेल लॅपटॉपने कधीच न पाहिलेले, आणि लॅपटॉपवरचे ३,१४२ सर्व्हरने कधीच न पाहिलेले. त्याने इमानेइतबारे सगळे इकडून तिकडे आणि तिकडून इकडे नेले. चूक त्याची कशी म्हणणार?

ऑफलाइनआयमॅप हे दुसरं जुनं साधन या बाबतीत वेगळं वागतं. ते सर्व्हरचाच यूआयडी फाइलीच्या नावात घालतं, शिवाय फोल्डरच्या नावाचा एमडी-फाइव्ह ठसाही (मजकुरावरून गणिताने काढलेला छोटा कोड) त्याच नावात ठेवतं, म्हणजे दुसऱ्या फोल्डरातून भरकटून आलेली फाइल ओळखू येते. एमबीसिंक मात्र दोन्ही बाजूंना स्वतंत्र मानतं, आपापल्या क्रमांकांची, आणि वहीतली ओळ हाच त्यांच्यातला एकमेव धागा. मला एमबीसिंकची रचना अधिक स्वच्छ वाटते. वही हरवली तर ती जास्त महाग पडते, हेही खरं.

आता निस्तरायचं कसं? सरळ मार्ग असा होता की लॅपटॉपवरचा 'जुने' फोल्डर टाकून द्यायचा, सर्व्हरवर आलेल्या जादा प्रती काढायच्या आणि सगळं नव्याने उतरवायचं. ते करण्याच्या बेतात असताना ब्राउझरमधून सर्व्हरवरचा इनबॉक्स उघडला आणि पोटात गोळा आला. तिथे ते ४६ मेल नव्हते. पहिल्याच सिंकमध्ये 'जुने' अडला होता, पण इनबॉक्स व्यवस्थित पार पडला होता. वहीत ४६ जोड्या होत्या, लॅपटॉपवर त्या फाइली नव्हत्या, म्हणजे मी मेल काढले, असा त्याने चोख अर्थ लावला आणि सर्व्हरवरूनही ते कायमचे काढले. मेल 'हलवणं' नावाची गोष्ट या व्यवहारात नाहीच. एका फोल्डरमधून गेला, ही एक घटना. दुसऱ्यात एक अनोळखी मेल उगवला, ही दुसरी. दोन्ही घटना पार पडल्या तर हलवल्यासारखं दिसतं. पहिली होऊन दुसरी अडकली, तर जगातली एकुलती एक प्रत तुमच्या लॅपटॉपवर असते. मी फोल्डर टाकून दिला असता तर ते ४६ कदाचित कायमचेच गेले असते.

बॅकअप होता, तीन आठवड्यांपूर्वीचा. त्याचा विचार करताना अंगावर काटा आला, कारण आता वहीच्या नजरेने विचार करता येत होता. जुने मेल परत ठेवले आणि वही मात्र ताजी राहिली, तर मधल्या तीन आठवड्यांत आलेले मेल वहीत आहेत आणि लॅपटॉपवर नाहीत, म्हणजे मी काढले, म्हणजे सर्व्हरवरूनही काढा! मेल आणि वही एकाच क्षणाच्या असायला हव्यात. माझी वही मेलच्याच फोल्डरात राहील अशी सेटिंग होती, म्हणून बॅकअपमध्ये निदान ती जोडी फुटलेली नव्हती.

शेवटी अर्धवट तुटलेलं सिंक मी पुरं होऊ दिलं. हे वेडेपणाचं वाटेल, पण अर्धवट अवस्थेत प्रत्येक मेलचा वेगळा निर्णय घ्यावा लागला असता. पुरं झाल्यावर हिशेब सरळ होतो. मध्येच तोडल्यामुळे काही बिघडलंही नव्हतं. एमबीसिंक प्रत्येक पाऊल वहीशेजारच्या एका जर्नल फाइलीत आधी टिपतं आणि पुढच्या खेपेला तिथून उचलतं.

दुप्पट झालेल्यांतून जुळे शोधायला पहिल्यांदा मी फाइलींचे एमडी-फाइव्ह ठसे काढले. एकही जोडी जुळली नाही. तीन हजार मेलांत एकही नाही, म्हणजे पद्धतच चुकली असणार. दोन फाइली शेजारी ठेवून ओळ न् ओळ पाहिली तेव्हा फरक सापडला: एक्स-टीयूआयडी नावाचा एक हेडर (मेलच्या माथ्यावरची माहितीची ओळ), त्यात बारा अक्षरांची काहीतरी खिचडी. मेलची प्रत करताना एमबीसिंक ही खूण स्वतःच घालतं. सर्व्हरवर मेल चढवला आणि त्याला कुठला यूआयडी मिळाला हे सर्व्हरने सांगितलंच नाही, किंवा सांगण्याआधी लाइन तुटली, तर नंतर या खुणेवरून तो मेल शोधता येतो. यूआयडीप्लस हा विस्तार ज्या सर्व्हरवर आहे तो चढवताक्षणी क्रमांक कळवतो, पण सगळ्याच सर्व्हरांवर तो असेल असं नाही. प्रत्येक फेरीला खूण नवी, त्यामुळे माझे ठसे जुळणं अशक्यच होतं.

मग मेसेज-आयडी. प्रत्येक मेलच्या हेडरमध्ये असलेली ही ओळ जगभरात एकमेव असावी अशी कल्पना आहे. बऱ्याच जणांना वाटतं (मलाही वाटायचं) की सिंक करणारी साधनं यावरच चालतात. मग ती का चालत नाहीत, ते माझ्याच फोल्डरने दाखवलं. काही मेलांना मेसेज-आयडी नव्हताच. २००८ सालचा आरएफसी ५३२२ हा हेडर 'असावा' म्हणतो, 'असायलाच हवा' म्हणत नाही. आणि काही ठिकाणी एकाच मेसेज-आयडीचे दोन खरोखर वेगळे मेल होते: मी एका चर्चागटाला पाठवलेल्या मेलची माझ्याकडची प्रत, आणि तोच मेल गटाकडून खाली गटाची तळटीप लागून परत आलेला. नॉटमचसारखं शोधाचं साधन असे दोन्ही एकच संदेश मानतं, आणि शोधासाठी ते योग्यच आहे. पण कुठली फाइल पुसायची हे ठरवताना एवढ्या भरवशावर हात चालवायला माझं मन धजेना.

आणि मग लक्षात आलं की उत्तर फाइलींच्या नावातच लिहिलेलं आहे. मी वही उडवली होती, पण सर्वांत मोठ्या क्रमांकाची ती दुसरी छोटी फाइल शाबूत होती. म्हणजे क्रमांक देणं जिथे थांबलं होतं तिथूनच पुढे सुरू झालं. बाजूला काढलेल्या प्रतीत तपासलं: जुने ३,१४२ मेल सगळे ३,९०७ पर्यंतच्या क्रमांकांत होते (मध्ये काढलेल्यांच्या गाळलेल्या जागा). शिक्का कापलेल्या ४६ फाइलींना ३,९०८ ते ३,९५३ मिळाले होते. सर्व्हरवरून दुसऱ्यांदा उतरलेले सगळे त्यापुढचे. तीन वस्त्या, मध्ये स्पष्ट हद्दी.

पुसायची कुठली वस्ती? पहिलं मन म्हणालं, नव्याने आलेल्या उपऱ्यांना हाकला. सुदैवाने आधी फोनवर नजर गेली. फोनवर 'जुने' फोल्डरात हजारो मेल आजच आल्यासारखे दिसत होते. सर्व्हर प्रत्येक मेलची आगमनाची तारीख मेलच्या मजकुरापासून वेगळी ठेवतो. मी चढवलेल्या प्रतींना चढवल्याची वेळ मिळाली होती, मूळ मेलांची तारीख अर्थातच मूळ होती. आणि नव्या वहीप्रमाणे सर्व्हरवरच्या मूळ मेलांची जोडी लॅपटॉपवरच्या नव्या उपऱ्यांशी होती, माझ्या जुन्या फाइलींची जोडी आजच्या तारखेच्या प्रतींशी. म्हणजे जुन्या फाइलीच पुसायला हव्या होत्या. मूळ मेल वाचवायचे तर लॅपटॉपवरच्या मूळ फाइली टाकायच्या. हे स्वतःला तीनदा समजावून सांगितलं, तेव्हा कुठे हात उचलला.

मेसेज-आयडीचा उपयोग मग साक्षीदार म्हणून केला. ३,९०७ पर्यंतच्या प्रत्येक फाइलीला ३,९५३ च्या पुढे जोडीदार आहे ना, एवढंच तपासलं. ज्यांना मेसेज-आयडी नव्हता ते तारीख आणि विषय लावून हाताने पाहिले. सगळे जुळले. फाइली काढल्या, सिंक चालवलं. या वेळी वही जागेवर होती, म्हणून गैरहजेरीचा अर्थ 'काढले' असा लागला आणि सर्व्हरवरच्या आजच्या तारखेच्या प्रती गेल्या. लॅपटॉपवर ३,१८८, सर्व्हरवर ३,१८८. कागदावर मांडून ठेवलेला आकडा हाच होता.

काही आठवड्यांनी आणखी एक छोटा प्रसंग घडला. मेलसेवा देणाऱ्यांनी खाती नव्या सर्व्हरवर हलवली आणि एमबीसिंकने एके सकाळी काम करायला नकार दिला: यूआयडी-व्हॅलिडिटी बदलली आहे. प्रत्येक फोल्डरला असलेला हा आणखी एक आकडा. तो बदलला की सर्व्हर सांगत असतो, माझे आधीचे सगळे क्रमांक विसरा, तेच आकडे आता दुसऱ्याच मेलांचे असू शकतात. वहीत दोन्ही बाजूंचा हा आकडा सगळ्यात वर लिहिलेला असतो, तो जुळला नाही की खालच्या एकाही ओळीवर विश्वास ठेवायचा नाही. पूर्वी मी अशा नकारावर चिडले असते. आता चहाचा कप खाली ठेवून आधी पाहिलं की लॅपटॉपवर सर्व्हरवर नसलेलं काही अडकून तर नाही ना. नव्हतं. मेल आणि वह्या दोन्ही एकत्र बाजूला सरकवल्या आणि सगळं खातं रिकाम्या जागेत नव्याने उतरवून घेतलं. रात्रभर लागली.

फोनवर 'जुने' फोल्डरात सगळ्यात वर अजूनही ते ४६ मेल दिसतात, सगळे एकाच संध्याकाळी आल्यासारखे. आगमनाची तारीख सोबत नेण्याची सेटिंग एमबीसिंकमध्ये आहे. तेव्हा ती मी चालू केलेली नव्हती.